उत्तरेस भासऱ्यांचे घर

४ जून, बुधवार. सकाळी उकाडा. दुपारपासून नदीच्या अंगाने ढग. पाऊस नाही.

डायरीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. खाली आणखी एक ओळ: ‘गंगूबाई आल्या. नकाशा.’

रोजचं हवामान टिपायची सवय मला आलापल्लीच्या लाकूड डेपोत लागली. तिथे मी सागाचे गोल ओंडके मोजायचो. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच; पुढचं जे काही शिकलो ते जंगलखात्याच्या जुन्या नकाशांवरून, रेषेवर रेषा गिरवून. हात बसल्यावर नोकरी सोडली आणि वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी परत आलो. म्युनिसिपल कमिटीच्या ओसरीवर एक चटई, एक लाकडी पाट आणि टी-स्क्वेअर मांडून लोकांच्या घरांचे नकाशे काढून देऊ लागलो. लोक मला नकाशाभाऊ म्हणू लागले. माझं खरं नाव आता फक्त टपालवाल्याला माहीत आहे.

अशा ओसरीवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेन्सिलीला टोक काढताना मांडीवर भुसा पडतो तसे ते पडतच राहतात. संध्याकाळी उठताना झटकले तरी धोतराला चिकटून घरी येतात. त्या एका आठवड्याचे तेवढे आज सांगतो, कारण त्या आठवड्यातल्या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत. नियम मला आपटेसाहेबांनी शिकवले, पण ते नियम कोणासाठी असतात हे या बाकीच्यांनी.

आपटेसाहेब म्हणजे कमिटीचे ओव्हरसीयर. छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि वर्षभरात हे पुण्याकडून बदलून आले. त्याआधी नकाशा म्हणजे नावाला. साहेबांनी आल्या आल्या एका फळीवर पांढऱ्या रंगात नियम लिहून ओसरीवर टांगले. घर कुठे, दार कुठे, रस्ता किती रुंद, सांडपाणी कुठे जाणार, किती जागा मोकळी, चारी बाजूंना कोणाकोणाची घरं, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. एवढं असेल तर नकाशा सभेपुढे, नसेल तर परत. साहेब कधी आवाज चढवत नसत आणि कधी सूटही देत नसत.

*

त्या बुधवारी सगळ्यात आधी आले डोमाभाऊ. गावाबाहेरच्या टोलीवरचे धानाचे शेतकरी. त्यांना गोठा बांधायचा होता. नकाशाभाऊला कशाला त्रास, म्हणून त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर कोळशाने स्वतःच नकाशा काढून आणला होता. गोठा चौकोनी होता, आणि आत दोन बैल. बैल असे हुबेहूब, की एकाचं मोडकं शिंगसुद्धा दिसत होतं.

मी म्हटलं, डोमाभाऊ, नकाशात बैल दाखवायचे नसतात. ते म्हणाले, रिकामा गोठा दिसला तर साहेबाले वाटंल, याले गोठा कायले पाहिजे.

एवढ्यात आपटेसाहेब आले. त्यांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

“बैल फार सुरेख आलेत,” साहेब म्हणाले. “पण गोठ्याला दार कुठंय? हे आत गेले कसे?”

डोमाभाऊ जराही अडले नाहीत. “बैल पयले काहाडले जी. गोठा मंग काहाडला.”

साहेबांनी ती पत्रिका परत दिली नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवली. पुढे बदली होऊन गेले तेव्हा सोबत घेऊन गेले.

*

डोमाभाऊंच्या मागे उभे होते बाजारातले किराणावाले सेठ. त्यांचा नकाशा मी आदल्या दिवशीच पुरा केला होता. सेठ आले ते नाराज होऊन. नवीन दुकानाचं दार दक्षिणेला निघतं, हे त्यांना माझ्या नकाशावरून कळलं होतं. तोवर त्यांच्या हिशोबी ते बाजाराकडे होतं. आमच्याकडे दिशा अशाच असतात: नदीकडे, जंगलाकडे, बाजाराकडे, मसणाकडे. उत्तर-दक्षिण पंचांगात.

सेठ हळू आवाजात म्हणाले की दक्षिणेचं दार चांगलं नाही, घरात बायको ऐकून राहिली नाही. मी म्हटलं, मग दार दुसऱ्या बाजूला घेऊ, पण तिकडे रस्ता नाही. सेठनी विचार केला. मग बोट नकाशाच्या कोपऱ्यात ठेवलं.

“हा बान फिरवून द्या ना, भाऊ. दुकान काऊन फिरवता?”

मी बाण फिरवला नाही. पण सेठनी घरी काय सांगितलं देव जाणे, दुकानाच्या मुहूर्ताला त्यांच्या बाई हसतमुखाने पहिल्या त्याच दारातून आत गेल्या. पेढे मलाही आले.

*

त्या दोघांचं होईपर्यंत गंगूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. ढिवर मोहल्ल्यातल्या. नदीत आणि तलावात मासे धरायचे, जाळी विणायची, बाजारात विकायचं, असं त्यांच्या घरचं चालत आलेलं. नवरा चार-पाच वर्षांपूर्वी गेला. मागच्या पुरात मातीचं घर नदीनं नेलं. तेव्हापासून त्या आणि त्यांची मुलगी भासऱ्यांच्या गोठ्यात राहत होत्या. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ.

गंगूबाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. डेपोतून घरासाठी सागाचं लाकूड सवलतीत मिळतं, पण कमिटीचा मंजूर नकाशा दाखवला तरच. पाऊस लागला की जंगलातल्या गाडीवाटा बंद, आणि डेपोही दिवाळीपर्यंत बंद. म्हणजे या शनिवारच्या सभेत नकाशा मंजूर झाला तर यंदा डोक्यावर छप्पर, नाही तर आणखी एक पावसाळा गोठ्यात. पोरगी मोठी झाली होती, तिला बघायला लोक येऊ लागले होते. गोठ्यात पाहुण्यांना बसवायचं कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. 

मी कागद घेतला आणि चतुःसीमा विचारायला लागलो. पूर्वेला नदीची वाट. दक्षिणेला जाळी वाळवायची मोकळी जागा, सगळ्या मोहल्ल्याची. पश्चिमेला बाभळीचं बन. उत्तरेला?

 गंगूबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

कमिटीचे शिपाई झिंगरूभाऊ पाण्याचा माठ भरत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे थांबा. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही तशी भासऱ्यांचंही घेत नाही. त्यांच्यासमोर उभी राहत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. पाठ करून, पदर घेऊन बाजूला होते. भासरेही तेवढंच सांभाळतात.

गंगूबाईंनी झिंगरूभाऊंना विचारलं, “आज कोनता वार हाय जी?”

“बुधवार.”

“त तेच.”

मी लिहिलं: उत्तरेस बुधाजी यांचे घर.

मग मालकाच्या नावाशेजारी नवऱ्याचं नाव लिहायचं होतं. गंगूबाईंनी ओसरीच्या बाहेर आभाळाकडे बोट केलं. आभाळात नुसते ढग. झिंगरूभाऊंनी हळूच विचारलं, मेघराज? गंगूबाईंनी कपाळाला हात लावला. “ढगाच्या मांगं कोन हाय ते लिवा ना, भाऊ.”

सूर्यभान.

*

घराची आखणी साधी होती. एक खोली, पुढे पडवी. पण जागा चिंचोळी होती, आणि मोकळी जागा सोडायचा साहेबांचा नियम पाळायचा तर एकच वाट होती. गंगूबाईंची खोली बुधाजीभाऊंच्या भिंतीला टेकवायची. उत्तरेकडची भिंत नवीन बांधायचीच नाही. वासे बुधाजीभाऊंच्या भिंतीवर टेकवायचे. मोहल्ल्यात अशी घरं कितीतरी होती. फक्त शेजाऱ्याची संमती लागणार होती.

त्या निघताना मी विचारलं, सांडपाणी कुठे जाईल? फळीवरचा तो एक नियम राहिला होता.

“उताराले जाईन,” गंगूबाई म्हणाल्या. “पानी कमिटीले इचारून थोडी जाते.”

आत साहेबांनी ऐकलं असावं. टाकाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

*

गुरुवारी साहेब जागा पाहायला आले. सोबत मी आणि झिंगरूभाऊ, फीत धरायला. मोहल्ला नदीच्या काठावर, वाटेत बांबूंवर जाळी टांगलेली, कोंबड्या, होड्या उलट्या करून ठेवलेल्या. साहेबांनी वाकून वाकून जाळ्यांखालून वाट काढली. टोपी एका जाळ्यात अडकली, ती त्यांनीच सोडवली.

बुधाजीभाऊ हा उंच, सडपातळ, थोडक्यात बोलणारा माणूस. नदीवर त्यांच्याएवढा होडी हाकणारा कोणी नव्हता. पण घरी यायचं म्हटलं की त्यांना खोकला सुरू होई. कोपऱ्यावर एकदा खोकायचे, अंगणाच्या तोंडाशी एकदा, दारात एकदा. गोठ्यात लहान भावाची बायको राहते. ती पदर सावरून बाजूला होऊ शकावी म्हणून. वर्षभर माणूस स्वतःच्या अंगणात खोकत खोकत शिरत होता. आम्हाला त्यात काही नवल वाटत नव्हतं. साहेबांना वाटलं.

“यांना दवाखान्यात दाखवलंय का?” त्यांनी मला विचारलं. “मी चिठ्ठी देतो. छातीचं दुखणं अंगावर काढू नये.”

बुधाजीभाऊंनी ते ऐकलं. हात जोडले. आणि मोठ्या आदराने, साहेबांचा मान ठेवायचा म्हणून, खोकणं बंद केलं.

आता खोकला बंद झाल्यावर गंगूबाईंना कळेना की भासरे कुठे आहेत. त्या पडवीच्या जागेवरून मागे वळल्या तर समोर बुधाजीभाऊ! दोघेही एकदम पाठ करून उलट दिशेला निघाले.

तेवढ्यात साहेबांनी मला आणि झिंगरूभाऊंना मागच्या बाभळीच्या बनाकडे मोजणी घ्यायला पाठवलं. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. नंतर साहेबांकडून, शेजारणींकडून आणि गंगूबाईंच्या मुलीकडून ऐकलं, आणि तिघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

हद्दीचा दगड कोणता, हे साहेबांना दोघांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी बुधाजीभाऊंना दगडाजवळ बोलावलं. ते आले, गंगूबाई वीस हात दूर गेल्या. साहेबांनी गंगूबाईंना बोलावलं. त्या आल्या, बुधाजीभाऊ चिंचेमागे गेले. साहेबांनी विचारलं, बाई, ही भिंत कोणाची? गंगूबाईंनी तोंड फिरवून तिथे बांधलेल्या शेळीला सांगितलं, भिंत त्या घरची. साहेबांनी चिंचेकडे वळून विचारलं, हद्द मान्य आहे ना? चिंचेमागून उत्तर आलं ते चिंचेलाच उद्देशून, आणि वारा उलटा होता. साहेब दोघांना हाताने खुणावून जवळ बोलवत राहिले, आणि दोघे दोन बाजूंना सरकत राहिले. शेजारणी म्हणाल्या, साहेब मधात उभे होते आन ते दोघं गोल गोल फिरून राह्यले होते.

आम्ही फीत गुंडाळून परत आलो तेव्हा साहेब वहीत लिहीत होते.  शेळी तेवढी समाधानी दिसत होती.

*

शुक्रवारी सकाळी फाईल माझ्या हातात आली. साहेबांच्या सुबक अक्षरात शेरा होता: ‘उत्तरेकडील शेजारी व अर्जदार यांच्यात हद्दीचा वाद दिसतो. दोघे एकमेकांसमोर येण्यास तयार नाहीत. सामाईक भिंतीस संमती नाही. वाद मिटेपर्यंत प्रकरण सभेपुढे ठेवू नये.’

मी ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन साहेबांना सांगितलं की हा वाद नाही, हा मान आहे. आमच्याकडे असंच असतं. बुधाजीभाऊंचा खोकलासुद्धा त्यातलाच.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. माझ्यावर रागावले नाहीत, हे आठवून आजही बरं वाटतं. म्हणाले, “असेल. मला इकडचं फारसं माहीत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. आता तुमच्या सांगण्यावरून ते कसं खोडू? उद्या ज्याचा खरा वाद आहे तोही कोणाला तरी पाठवून म्हणेल, वाद नाही.”

मी विचारलं, मग काय करायचं?

“दोघांनी माझ्यासमोर, एकाच वेळी, तोंडाने सांगावं. सभा उद्या एक वाजता आहे. बारापर्यंत मी थांबतो.”

एकाच वेळी, समोर, तोंडाने. बाहेर येऊन मी झिंगरूभाऊंना सांगितलं तर ते माठाजवळ खाली बसले.

*

पण त्याआधी नकाशाच्या तीन प्रती काढायच्या होत्या. एक कमिटीला, एक डेपोला, एक घरमालकाला. आमच्याकडे प्रत निघायची ती उन्हात. पारदर्शक कापडावर काळ्या शाईने मूळ नकाशा काढायचा, तो हिरवट मसाल्याच्या कागदावर ठेवायचा, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. मग कागद पाण्यात धुतला की निळ्या रंगावर पांढऱ्या रेघा उमटतात. ऊन नसेल तर नकाशा नाही, मग ओव्हरसीयर असो की कलेक्टर.

शुक्रवारी ऊन नव्हतं.

मी काचेची चौकट घेऊन कमिटीच्या गच्चीवर बसलो. खाली अंगणात गंगूबाई, त्यांची मुलगी, आणि कुठून कुठून आलेले मोहल्ल्यातले सात-आठ जण. डोमाभाऊही आले होते. त्यांना गोठ्याचं दार दाखवायचं होतं, ते राहूनच गेलं. नदीवरची माणसं आभाळ बघण्यात तरबेज. कोणी म्हणे, पलीकडच्या काठावर फट पडून राह्यली. कोणी म्हणे, आता सरकन. मी चौकट धरून तसाच. ऊन आलं की सगळे एकदम “आलं, आलं” म्हणत आणि मी चौकट वळवी. गेलं की सगळे गप्प. एवढी माणसं माझ्या एका कागदासाठी आभाळाकडे बघत बसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. ज्यांचा त्या घराशी काही संबंध नव्हता, तेही मान वर करून बसले होते.

दुपारपर्यंत तीन कागद झाले. मी खाली आलो आणि पहिला कागद बादलीत बुडवला. हिरवा रंग पाण्यात उतरायला लागला.

गंगूबाई पुढे आल्या. बादलीत बघितलं. कागदावरून त्यांचं घर विरघळतंय असं त्यांना दिसलं असणार.

“पयलं घर नदीनं नेलं,” त्या म्हणाल्या. “आता हे तुमी बादलीत बुडवून राह्यले काय, भाऊ?”

 मी कागद वर काढून झटकला. निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या: खोली, पडवी, दार, नदीची वाट. गंगूबाईंनी ओला कागद दोन्ही हातांत घेतला आणि तो वाळेपर्यंत कोणाच्या हातात दिला नाही.

*

७ जून, शनिवार. सकाळी ढग, अकरानंतर उघडीप. वारा नाही.

झिंगरूभाऊंनी रात्रभर विचार केला होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ओसरी आणि कचेरीची खोली यांच्यात एकच दार आहे. त्यांनी गंगूबाईंना आत नेऊन फाईलींच्या कपाटाआड उभं केलं. बुधाजीभाऊंना बाहेर ओसरीवर, दाराकडे पाठ करून बसवलं. आणि साहेबांची खुर्ची उचलून बरोबर उंबऱ्यावर ठेवली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

“बसा जी, साहेब. आता दोघंही तुमच्या समोर हायत.”

साहेबांनी खुर्चीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, ओसरीकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. ते बसले. फाईल मांडीवर घेतली. टाक दौतीत बुडवला.

एवढ्यात सभेसाठी अध्यक्ष आले. आत जायला दुसरी वाट नव्हती. साहेब उठायला लागले तर अध्यक्षांनी हातानेच बसा म्हटलं आणि स्वतः पायरीवर उभे राहिले. मागून आणखी दोन सभासद आले, तेही उभे राहिले. असा सगळा कारभार त्या दारात अडकून पडला.

साहेबांनी आत मान वळवून विचारलं, “गंगूबाई, हद्दीवरून तुमची काही तक्रार आहे?”

कपाटाआडून आवाज आला, झिंगरूभाऊंना उद्देशून. “झिंगरूभाऊ, साहेबाले सांगा. घर गेलं त त्याइनं गोठा देल्ला, गाय बाहेर बांधली. मी कायची तक्रार करू?”

ओसरीवर बुधाजीभाऊंची पाठ जरा ताठ झाली. एवढंच.

साहेबांनी लिहिलं. मग मान बाहेर वळवली. “बुधाजी, यांचे वासे तुमच्या भिंतीवर टेकणार. तुमची संमती आहे?”

बुधाजीभाऊ समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते. “भिंत उन्हाळ्यातच दोन हात चढवली जी मी,” ते म्हणाले. “वासे बरोबर टेकाले पाहिजे म्हनून.”

कपाटाआड काही हललं. गंगूबाईंना हे माहीत नसावं. भिंत वाढली हे त्यांनी पाहिलं असेल, पण कशासाठी, हे त्यांना सांगणार कोण?

साहेबांचा टाक थांबला.  साहेब जरा पुढे वाकले.

“तरीपण मला नियमाप्रमाणे विचारायला हवं. तुमचं दोघांचं काही भांडण नाही, हे नक्की?”

बुधाजीभाऊंनी अर्धी मान वळवली. दाराकडे नाही, साहेबांच्या पायांपर्यंत.

“भांडाले बोला लागते, साहेब,” ते म्हणाले. “बाई लगन होऊन आल्या तवापासून आमी एकमेकाशी बोललोच नाई.”

साहेबांनी जुना शेरा खोडला नाही. त्याच्या खाली लिहिलं: ‘वाद नाही. सामाईक भिंतीस संमती आहे.’ खाली तारीख आणि सही. डावीकडे बुधाजीभाऊंचा अंगठा ओसरीवर घेतला, उजवीकडे गंगूबाईंचा कपाटाजवळ. खुर्ची उचलली, अध्यक्ष आत गेले, सभा सुरू झाली. गंगूबाईंचा नकाशा चौथ्या क्रमांकावर मंजूर झाला. सोमवारी डेपोतून सागाचे चार खांब आणि बारा वासे मिळाले.